बीपी उतरवायचं: आधी मीठ की आधी चालणं?

वरचा आकडा 140-150 च्या घरात आलाय आणि डॉक्टर म्हणालेत, ‘थोडे दिवस सवयी बदलून बघा, मग गोळीचं ठरवू.’ अशा वेळी नाशिककर पहिल्यांदा बूट विकत घेतो आणि कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक नाहीतर गोल्फ क्लबचं मैदान गाठतो. वाईट काहीच नाही. पण दोन्हीतलं एकच आधी जमणार असेल, तर मी स्वयंपाकघरापासून सुरुवात करायला सांगेन.

नुसते आकडे बघितले तर चालणं कणभर सरसच. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चाललं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने, तर बीपी असलेल्या माणसाचा वरचा आकडा साधारण 5 ते 8 ने उतरतो. मीठ नीट कमी केलं तर 5 ते 6 ने. फरक आहे तो टिकण्यात. चालणं सुटलं की फायदाही काही आठवड्यांत ओसरतो. इथला पावसाळा आणि सातपूर-अंबडच्या शिफ्टा धरल्या तर ते सुटायला निमित्त लागत नाही. मिठाचं तसं नाही. एकदा घराची चव बदलली की वेगळा वेळ काढावा लागत नाही, आणि फायदा घरातल्या सगळ्यांना होतो.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा. आपण किती खातो ते पिशवीवरून कळतं. चौघांच्या घरात महिन्याला एक किलोची पिशवी संपत असेल, तर माणशी रोज 8 ग्रॅमच्या वर गेलं. शिवाय पापड, लोणचं, वेफर्स, चिवडा यांतलं मीठ त्या पिशवीत धरलेलंच नाही. पापडात तर मिठाच्या जोडीला पापडखार असतो, त्यातही सोडियमच, म्हणजे मिठातला बीपी चढवणारा भाग.

कात्री कुठे लावायची? भाजी-आमटीला हात लावला की घरात भांडणं होतात. त्यापेक्षा कणकेतलं आणि भातातलं मीठ बंद करा. आठ-दहा दिवसांत कुणाच्या लक्षातही राहत नाही. ताटात डावीकडे वाढलेलं मीठ उचला, कोशिंबिरीला लिंबू आणि जिरेपूड पुरते. ‘आम्ही सैंधव वापरतो’ यावर विसंबू नका, तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं. बऱ्याच जणांना ते चांगलं, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि मिसळ! रविवारी ट्रॅकवरून थेट मिसळीच्या टेबलावर बसणारी मंडळी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. शेव-फरसाण, तर्री, वर तो पापड, पुन्हा ‘रस्सा वाढा’. मिसळ सोडा असं नाशकात कुणाला सांगणार? महिन्यातून एकदा, पापड न घेता, जास्तीचा रस्सा न मागता खा, एवढंच म्हणेन.

चालणं आधी कुणी धरावं? ज्याचं पोट सुटलंय आणि दिवस खुर्चीत जातो, त्याने. किलोमागे बीपी साधारण एकेका अंकाने उतरतं. पाच किलो घटवले तर तेवढ्यानेच बराच फरक पडतो. मात्र एकट्या चालण्याने वजन फारसं हलत नाही, ताटही आवरावं लागतं. आकडा फार चढलेला असताना पहिल्याच दिवशी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला जाऊ नका.

वाइनच्या गावात राहतो म्हणून एक: ‘रेड वाइन हृदयाला चांगली’ हे बीपीच्या कामाचं नाही. दारू कुठलीही असो, रोजची झाली की आकडा चढवते. प्राणायामाने थोडं उतरतं, जोडीला जरूर ठेवा. एकट्याच्या भरवशावर नको.

काय लागू पडतंय ते घरच्या मशीनवर बघा, दंडाला पट्टा बांधायचं घ्या. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबा, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, दंड छातीच्या पातळीत ठेवा आणि मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. घरी सरासरी 135/85 च्या वर राहत असेल तर ते जास्तच. दवाखान्यातला आकडा वारंवार 160/100 च्या पुढे जात असेल, तर मीठ की चालणं हा प्रश्न बाजूला ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करा आणि दोन्ही तिच्या जोडीने करा. चालू गोळी मात्र आकडा चांगला आला म्हणून स्वतःहून बंद करू नका.