सावकाश ताण की झटक्याचा ताण : काँक्रीट कशाला जास्त टिकतं?

काँक्रीट दाबाला दणकट, ताणाला कच्चं. ताणाची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच. पण हा आकडा भार किती वेगानं दिला यावरही ठरतो.

प्रयोगशाळेत १५० मिमी व्यासाचा सिलिंडर आडवा ठेवून वरून दाबतात, त्यानं आत आडवा ताण येतो. ताण मिनिटाला १.२ ते २.४ न्यूटन प्रति चौ. मिमी या दरानं वाढवतात, म्हणजे ३ ची ताकद असलेला नमुना एक-दोन मिनिटांत उभा चिरतो. फुटलेला भाग हातात घेऊन पाहा: बरेचसे खडे अख्खे, सिमेंटमधून नुसते उपटून आलेले. भेगेला वेळ मिळाला की ती खड्याला वळसा घालून कमजोर सांध्यातून वाट काढते.

आघातात, स्फोटात तेवढी सवड नसते. एकाच वेळी अनेक भेगा सुटतात, त्या सरळ खडेच कापत जातात, त्यामुळे जास्त ऊर्जा लागते. छिद्रांतलं पाणीही भेग उघडायला विरोध करतं. म्हणून ओल्या काँक्रीटमध्ये वेगाचा परिणाम जास्त दिसतो, वाळलेल्यात कमी. विकृतीचा दर (मूळ लांबीच्या प्रमाणात ताणलं जाण्याचा वेग) सेकंदाला १ च्या पुढे गेला की ताणशक्ती दुपटीवरही जाते. दाबाच्या ताकदीत एवढी उडी दिसत नाही. (अगदी वरच्या वेगांना यातला काही भाग निव्वळ जडत्वाचा असतो, तो खरी ताकद समजू नये.)

पाण्याची टाकी किंवा रोजचा स्लॅब असेल, तर हा वाढीव आकडा मी धरणार नाही. तिथला ताण वर्षानुवर्षं टिकतो, आणि तशा ताणाखाली काँक्रीट चाचणीतल्या आकड्याच्याही खाली फुटू शकतं.