पोलराइज्ड गॉगल: सात महिने वापरल्यावर

दिवाळीनंतर घेतला, साडेअठराशेला. राजारामपुरीतून शिरोली एमआयडीसीला रोज गाडीवर जातो. सकाळी जाताना ऊन तोंडावर, संध्याकाळी येताना पुन्हा तोंडावरच. पुढच्या गाड्यांच्या बॉनेटवरून डोळ्यांत घुसणारी चमक खूपच कमी झाली. एवढ्यावरच पैसे वसूल.

पण पहिल्याच रविवारी रंकाळ्यावर वाटलं, आपल्याला गंडवलं. सूर्य मावळतीला, पाण्यावर सोनेरी पट्टा, आणि गॉगल लावूनही पट्टा तसाच, फक्त जरा अंधूक. साधी काळी काच गळ्यात मारली म्हणून आठवडाभर चडफडलो. पुढच्या रविवारी दुपारी तीनलाच गेलो, तर पाण्यावरची चमक पुसून काढल्यासारखी गायब! काठाजवळचे दगड, शेवाळ, सगळं दिसायला लागलं. मान खांद्याकडे कलती केली, की चमक हजर.

भाचा बारावीला आहे, त्यानं उलगडा केला. प्रकाश हा अवतरंग, म्हणजे ज्या दिशेनं जातो तिच्याशी काटकोनात कंप पावतो. उन्हात ही कंपनं सगळ्या दिशांची असतात. पण पाण्याच्या लंबाशी सुमारे ५३ अंश करून आलेल्या उन्हातली फक्त आडवी कंपनं परावर्तित होतात, आणि गॉगल तर फक्त उभी आत सोडतो. म्हणजे सूर्य क्षितिजापासून ३७ अंशांवर हवा. मावळतीला किरण पाण्याला घासून येतात, तेव्हा दोन्ही प्रकारची कंपनं परततात. गॉगल काय करणार?

गंमत म्हणजे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एतिएन मालूस यांना १८०८ मध्ये हे ध्रुवीकरण (पोलरायझेशन), म्हणजे परावर्तित प्रकाशात एकाच दिशेची कंपनं उरणं, सापडलं ते मावळतीलाच. पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरची चमक ते स्फटिकातून बघत होते. त्यांची काच उभी होती, माझं पाणी आडवं!

आता तक्रारी. मोबाइल आडवा धरला की स्क्रीन काळा. पेट्रोल पंपावरचा आकडा वाचायला मान वाकडी करावी लागते, मागचे लोक बघत राहतात. मे महिन्यात गॉगल गाडीच्या डिकीत राहिला, तर उजव्या काचेच्या कडेला आतली फिल्म सुटली. दुकानदार म्हणाला, "हे वॉरंटीत बसत नाही ओ." विकताना बोलला असता तर डिकीत ठेवला नसता.

घेणार असाल तर दुकानातच दोन गॉगल एकापुढे एक धरा आणि एक काटकोनात फिरवा. दोन्हींतून मिळून अंधार झाला नाही, तर खाली ठेवा.