बेळगाव जिल्ह्यात दत्तक आणि संगोपन कुटुंबांना मिळणाऱ्या सेवा : एका आईचे परीक्षण

मूल दत्तक कसे घ्यावे याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मूल घरी आल्यानंतर त्या कुटुंबाला कोणाचा आधार मिळतो, तो कितपत उपयोगी पडतो आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घरांना तो कोणत्या भाषेत मिळतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आमची मुलगी दीड वर्षाची असताना शहापूरच्या आमच्या घरी आली आणि आता ती शाळेत जाते. या काळात ज्या सेवांशी आमचा संबंध आला आणि ओळखीतल्या संगोपन कुटुंबांच्या, म्हणजे दत्तक न घेता मूल आपल्या घरी वाढवणाऱ्या कुटुंबांच्या, निमित्ताने ज्या जवळून पाहता आल्या, त्यांच्याविषयी मी येथे लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. मूल घरी येईपर्यंतची व्यवस्था आज बरीच चांगली आहे, पुढच्या दोन वर्षांतली ठीक आहे, आणि त्यानंतरची, म्हणजे मूल जेव्हा स्वतःविषयी प्रश्न विचारू लागते त्या वयातली, जवळजवळ नाहीच.

नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे सगळे ज्याला ‘कारा’ म्हणतात त्याच्या, संकेतस्थळावर करावी लागते. कोल्हापूर-पुण्याकडच्या एखाद्या संस्थेत ओळख असली की मूल लवकर मिळते, असा समज आपल्या भागात अजून आहे आणि त्यापायी लोक उगाच हेलपाटे घालतात. प्रतीक्षायादी देशभराची एकच आहे, तिच्यातला क्रम नोंदणीच्या ज्येष्ठतेने ठरतो आणि कोणत्याही संस्थेला परस्पर मूल सोपवता येत नाही. लहान, निरोगी बाळासाठी ही प्रतीक्षा तीन वर्षांच्या पुढे जाते, हे मनाशी धरूनच नोंदणी करावी. दोन वर्षांच्या आतले मूल हवे असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे पस्तिशी उलटलेल्या जोडप्यांनी ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणत राहणे परवडणारे नाही. शंका विचारण्यासाठी काराचा १८००-११-१३११ हा निःशुल्क क्रमांक आहे.

नोंदणीनंतर घर आणि कुटुंब पाहायला समाजकार्यकर्ते येतात, त्या गृहभेटीची लोकांना फार धास्ती वाटते. आमचा अनुभव तिला छेद देणारा होता. भेटीला आलेल्या समाजकार्यकर्त्या कन्नडभाषक होत्या, आमच्या सासूबाईंना कन्नड समजते पण मनातले बोलायला मराठीच लागते. कागदपत्रे पाहून झाल्यावर त्या थेट स्वयंपाकघरात सासूबाईंशेजारी पाटावर बसल्या आणि त्यांना काय वाटते ते विचारू लागल्या. बाळाचा रंग, नाकडोळे घरच्यांशी जुळले नाहीत तर गल्लीतले लोक काय म्हणतील, ही सासूबाईंची काळजी त्यांनी हसण्यावारी नेली नाही. लोक विचारणारच, तेव्हा काय उत्तर द्यायचे ते घरातल्या सगळ्यांनी मिळून आजच ठरवा आणि प्रत्येकाने तेच उत्तर द्या, असे त्यांनी अडखळत्या मराठीत पण अतिशय शांतपणे सांगितले. हा सल्ला आम्हाला आजही उपयोगी पडतो. गृहभेटीचा अहवाल तीन वर्षे ग्राह्य असतो, म्हणजे या भेटीत घरच्यांशी जे मोकळे बोलणे होईल त्यावर पुढचा बराच काळ काढायचा असतो. ते बोलणे टाळणारी कुटुंबे स्वतःचेच नुकसान करून घेतात.

मुलाची माहिती काराच्या संकेतस्थळावर दिसल्यापासून ते राखून ठेवण्यासाठी ४८ तास मिळतात. त्या माहितीबरोबर मुलाची पार्श्वभूमी सांगणारा बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल असतो. आपल्या विश्वासातल्या डॉक्टरांकडून तो तपासून घेण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे आणि बेळगावात चांगल्या बालरोगतज्ज्ञांची वानवा नाही. हा अधिकार जरूर वापरावा, कारण मुलाची गरज आधी कळली तर पहिल्या आठवड्यापासून तयारी करता येते. त्यानंतर दत्तकपूर्व संगोपन म्हणून मूल घरी येते आणि आदेशाची कार्यवाही मागाहून होते. १ सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात आणि त्यासाठी कायद्याने दोन महिन्यांची मुदत घातली आहे. दत्तकपुत्राला मान्यता नाकारल्यामुळे १८२४ साली याच जिल्ह्यातल्या कित्तूरला राणी चन्नम्मांनी धारवाडच्या इंग्रज कलेक्टरशी युद्ध केले होते. आज त्याच जिल्ह्यात आपल्या लेकीचे नाव असलेला आदेश डीसी ऑफिसातून, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातून, हाती घेताना मला त्या युद्धाची आठवण झाली आणि अभिमानही वाटला. त्या आदेशाच्या आधारे निघणाऱ्या जन्मदाखल्यात आईवडील म्हणून आपलीच नावे येतात, आणि पुढच्या सगळ्या कामांसाठी तो एक दाखला पुरेसा असायला हवा.

मूल घरी आल्यावर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो. वजन, लसीकरण, झोप, बोलणे, घरात रुळणे अशा गोष्टींची नोंद होते. हा पाठपुरावा केवळ तपासणी म्हणून केला तर निरुपयोगी आहे, पण येणारी व्यक्ती जाणती असेल तर त्याच्यासारखा आधार नाही. आमची मुलगी सुरुवातीला जेवणातला भाकरीचा तुकडा मुठीत धरून ठेवायची आणि रात्री तो उशीखाली सापडायचा. आम्ही घाबरून गेलो होतो. संस्थेत वाढलेल्या मुलांत हे नेहमी दिसते, पुढचे जेवण मिळेल याची खात्री त्यांना हळूहळू पटते, असे त्या समाजकार्यकर्त्यांनी समजावले आणि मुलीचा हात पोहोचेल अशा खालच्या फळीवर चुरमुऱ्यांचा एक डबा कायम भरलेला ठेवायला सांगितले. डबा रिकामा झाला तरी रागवायचे नाही आणि तो तिच्यादेखत पुन्हा भरायचा, एवढीच अट होती. काही महिन्यांत तिने डब्याकडे पाहणेही सोडले. कोणत्याही पुस्तकातून मला हे इतक्या सोप्या रीतीने कळले नसते.

वाढीत किंवा बोलण्यात काही मागे पडत आहे असे वाटले तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सेवा विनामूल्य आहे आणि ती १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. अंगणवाडी किंवा शाळेतल्या तपासणीतून तेथे पाठवले जाते. गर्दी असते, वेळ जातो, पण सेवा घेण्याजोगी आहे.

खरी पोकळी दोन वर्षांनंतर सुरू होते. दत्तक नियमावलीत दत्तकोत्तर समुपदेशनाची तरतूद आहे, विशेष दत्तक संस्था आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्याकडे ते काम दिलेले आहे. परंतु ही सेवा मागणाऱ्यालाच मिळते, आणि मागायची कशी, कोणाकडे, कोणत्या वयात, हे पालकांना सांगणारा कोणताही मराठी कागद त्यांच्या हाती दिला जात नाही. शेवटचा पाठपुरावा होतो तेव्हा मूल स्वतःविषयी प्रश्न विचारण्याइतके मोठे झालेले नसते. त्यानंतर काही वर्षांनी ते विचारते की मी तुझ्या पोटात होते का, मला त्यांनी का ठेवले नाही, आणि तेव्हा त्या घरात येणारे कोणीही नसते. आमच्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी एका शाळेने जन्मदाखला समोर असताना ‘खऱ्या आईवडिलांची’ कागदपत्रे मागितली, तीही तिच्यासमोर. तो दाखला कायद्याने पूर्ण आहे, हे त्यांना समजावण्यात आमचा जीव अर्धा झाला. घरी आल्यावर तिने विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर देण्यासाठी मला एखाद्या जाणकार माणसाशी मराठीत अर्धा तास बोलायचे होते आणि ती सोय जिल्ह्यात मला सापडली नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठी निवडून बोलता येते, मन मोकळे करायला तो चांगला आहे, मात्र दत्तक कुटुंबांचे प्रश्न हा त्याचा खास विषय नाही. किशोरवयीन मुलाचा त्रास गंभीर असेल तर धारवाडची मानसिक आरोग्य संस्था हा जवळचा शासकीय पर्याय आहे. रोजच्या, साध्या, पण मन पोखरणाऱ्या प्रश्नांसाठी मधले काहीच नाही, आणि बहुतेक घरांची गरज या मधल्या जागेतलीच असते.

संगोपन कुटुंबांची, म्हणजे फोस्टर केअरची, स्थिती याहून बिकट आहे आणि तिच्याविषयी अज्ञानही अधिक आहे. सहा वर्षांवरील, संस्थेत राहणारी मुले बालकल्याण समितीच्या आदेशाने अशा कुटुंबात ठेवता येतात. २०२४ च्या आदर्श मार्गदर्शक सूचनांनी अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तींनाही ही वाट मोकळी केली असून दोन वर्षे मूल सांभाळल्यानंतर त्याला दत्तक घेण्याचा मार्गही खुला केला आहे. हा बदल फार मोलाचा आहे, कारण मोठ्या वयाच्या मुलांना दत्तक घेणारे क्वचित मिळतात. आपल्या भागात मात्र संगोपन हे प्रामुख्याने नात्यातच होते. आईवडील गेलेली किंवा बाप गेल्यावर आई कामासाठी दूर राहणारी मुले आजी-आजोबा, मामा, मावशी यांच्याकडे वाढतात आणि त्याला कोणी सेवा किंवा योजना असे नाव देत नाही. अशा मुलांसाठी केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या योजनेतून प्रायोजकत्वाचे दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० रुपये आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे.

येथे सीमाभागाची एक अडचण आड येते. महाराष्ट्रातल्या क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचे मराठी संदेश निपाणी-खानापूरच्या मोबाइलवर सतत येत असतात, कारण कागल, चंदगडचे नातेवाईक ते पाठवतात. ती योजना महाराष्ट्रातल्या मुलांसाठी आहे. आपल्या बाजूच्या कुटुंबाने जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे किंवा तालुक्याच्या सीडीपीओ, म्हणजे बाल विकास प्रकल्प अधिकारी, कार्यालयाकडे अर्ज करायचा, उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कचेरीतून, काढायचा, हे मात्र मराठीत कोणी लिहून पाठवत नाही. खानापूर तालुक्यातल्या एका आजींनी दोन नातवंडांसाठी चुकीच्या योजनेच्या मागे कितीतरी महिने घालवले. शेवटी अंगणवाडीच्या बाईंनी त्यांना योग्य अर्ज आणून दिला. तो कन्नडमध्ये होता. शेजारच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने तो वाचून दाखवत भरला आणि आजींनी प्रत्येक रकाना भरल्यावर ‘यात मुलं माझ्यापासून नेतील असं काही लिहिलेलं नाही ना?’ असे विचारून खात्री करून घेतली. ही भीती अर्जाची नव्हती, न समजणाऱ्या भाषेत अंगठा देण्याची होती. भाषिक अल्पसंख्याकांची संख्या १५ टक्के किंवा अधिक असेल तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशात मान्य झालेले तत्त्व आहे. राजकीय वादात न शिरता, निदान अनाथ मुलांच्या अर्जांपुरते तरी ते पाळले जावे, असे मला मनापासून वाटते. पैशांविषयीही सांगितले पाहिजे. ४,००० रुपयांत एका मुलाचा वह्या-पुस्तके, कपडे, औषधांचा खर्च जेमतेम भागतो, तरी तो भागतो. सत्तरीच्या आजीला सातवीतल्या नातवाचा अबोला कसा सोडवायचा, हे सांगणारे मात्र त्या योजनेबरोबर कोणी येत नाही.

नात्यातले मूल कायमचे घ्यायचे असेल तर घरगुती समजुतीवर किंवा साध्या स्टॅम्पपेपरवर थांबू नये. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ नुसार नोंदणीकृत दत्तकपत्र करता येते, किंवा काराच्या नातेवाईक-दत्तक मार्गाने जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश घेता येतो. मुलाचे शिक्षण, वारसा, पासपोर्ट यांपैकी काहीतरी एक दिवस या कागदावर अडतेच. दवाखान्यातून किंवा मध्यस्थाकडून परस्पर मूल घेणे हा तर बाल न्याय कायद्याखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

सध्या सर्वांत उपयोगी ठरत आहेत ती आमच्यासारखी काही कुटुंबेच, जी टिळकवाडीत एकमेकांच्या घरी अधूनमधून जमतात. मुले आपापली खेळतात आणि ‘तूही दत्तक आहेस?’ हा प्रश्न त्यांच्यात अगदी सहज निघतो. हे काम कोणत्याही समुपदेशकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण आमच्यातले कोणीही प्रशिक्षित नाही, आणि चिकोडी-अथणीच्या कुटुंबांना त्यासाठी बेळगाव गाठणे जमत नाही. महिन्यातून एक ठरलेला दिवस मराठी बोलणारा समुपदेशक प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी बसवला आणि त्याची माहिती आदेशाच्या प्रतीबरोबरच पालकांना दिली, तरी वर लिहिलेल्या अडचणींपैकी बऱ्याच सुटतील. ही मागणी आम्ही लेखी करणार आहोत आणि ज्यांना तिच्यावर सही करायची असेल त्यांनी जरूर करावी.

नव्या पालकांना एक सूचना. बाल अध्ययन अहवाल, वैद्यकीय अहवाल, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणि संस्थेशी झालेला पत्रव्यवहार यांच्या प्रती घरात दोन ठिकाणी ठेवा. मुलाला आपले मूळ शोधायचे असेल तर १८ वर्षांनंतर ते स्वतः आणि त्याआधी दत्तक पालकांसोबत अर्ज करू शकते. जन्मदात्यांच्या खासगीपणाला धक्का लागणार नाही एवढीच माहिती त्याला दिली जाते, तिसऱ्या कोणालाही ती मागता येत नाही, आणि त्या अर्जाला याच कागदांवरचे तपशील लागतात.