कुडाळच्या बाजारातलं घरगुती आगळ

कुडाळच्या बाजारात एका मावशींकडून आगळ घेतलं, ना लेबल ना काही, साध्या बाटलीत भरून दिलेलं, पण रंग काय आहे राव! आगळ म्हणजे पिकलेल्या रातांब्यांना, म्हणजे कोकमाच्या फळांना, मीठ लावून ठेवलं की जो रस सुटतो तो, साखर अजिबात नाही, त्यामुळे अमृत कोकम समजून पाण्यात घालून पिऊ नका, तोंड वाकडं होईल. सोलकढीला मात्र एकदम भारी. नारळाचं दूध, लसूण, हिरवी मिरची आणि वरून हे दोनेक चमचे, मीठ आधी घालूच नका कारण यातच भरपूर असतं. आणि कढी म्हणतात म्हणून गॅसवर चढवू नका हां, फुटते. रंग फिकट गुलाबी येतो, काही हॉटेलात मिळते तशी भडक नाही, मला तर हेच आवडलं. बांगड्याच्या कालवणातही चालतं पण तिथे मला आमसुलंच बरी वाटतात. तक्रार एकच, बूच ढिलं होतं, एसटीत पिशवीभर सांडलं आणि ते डाग धुवून धुवून पण जात नाहीयेत, तेव्हा बाटली नीट बांधून आणा.