जगातले देश मुलांच्या हाती द्यायचे तर : देशवार की विषयवार?

‘जगातले देश’ या विषयावर मुलांसाठी चित्रमय कृतिपुस्तक करायचं ठरलं की कागद, रंग, बायंडिंग हे सगळं नंतर. आधी सांगाडा ठरवावा लागतो. एका देशाला समोरासमोरची दोन पानं देत जायचं, की भाकरी, घरं, खेळ, पतंग असे विषय घेऊन त्यांत देश गुंफायचे? सहा ते नऊ वयाच्या मुलांसाठी असं पुस्तक रचताना मी दोन्ही आराखडे नमुनापानांपर्यंत नेले होते. त्या अनुभवावरून लिहितोय; तुमचं पुस्तक वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

देशवारची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. पुस्तक प्रदर्शनात आजोबा पुस्तक उचलतात, अनुक्रमणिकेवर बोट फिरवत ‘जपान आहे, केनिया आहे, ब्राझील आहे’ म्हणतात आणि पाकीट काढतात. काम वाटून देणंही सोपं जातं. जपान एका चित्रकाराकडे, केनिया दुसऱ्याकडे. शिवाय मुलांना झेंड्यांचं भारी वेड असतं. नेपाळचा दोन त्रिकोणांचा, स्वित्झर्लंडचा चौरस. (अशोकचक्राचे २४ आरे नाण्याएवढ्या वर्तुळात काढायला लावणं हा मात्र जुलूम आहे.)

माझं घोडं अडलं ते नकाशापाशी.

देशवार पान म्हटलं की झेंड्याशेजारी रंगवायला नकाशा हवाच. मांडणी एकसारखी ठेवायची तर चौकटही एकाच मापाची, समजा तळहाताएवढी. आता त्या चौकटीत चिली बसवून बघा. लांबी सुमारे ४,३०० किलोमीटर, रुंदी सरासरी दोनशे किलोमीटरच्या आत. कागदावर उरते जेमतेम चार मिलिमीटरची पट्टी. त्यात खडूने रंग कसा भरणार? तुकडे करून शेजारी शेजारी ठेवले तर मुलं त्यांना वेगवेगळे देश समजतात. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या खाचा काढल्या तर रंगवता येत नाहीत, गाळल्या तर तो नॉर्वे वाटत नाही. इंडोनेशियाची १७ हजारांवर बेटं, त्यांतली किती ठेवायची हे कोणी ठरवायचं?

ही झाली चित्रकाराची कटकट. मला जास्त खटकलं ते पुढे. ब्राझीलचं क्षेत्रफळ ८५ लाख चौरस किलोमीटर, नेपाळचं दीड लाखाच्याही आत; पण एका मापाच्या चौकटीत दोघंही ऐटीत सारखेच बसतात. भाचीने दोन्ही पानं रंगवली आणि मला ऐकवलं, “मामा, दोन्ही देश सेमच आहेत, नेपाळ फक्त लांबट आहे.” कोपऱ्यात ‘प्रमाण वेगळे’ अशी टीप टाकता येते, पण सात वर्षांचं पोर कुठली टीप वाचतंय!

त्यात सीमांचा प्रश्न. भारताची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच छापावी लागते. १९६१च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमात चुकीच्या नकाशासाठी सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हे या धंद्यातल्या बहुतेकांना ठाऊक असतं. निसटतं ते वेगळंच : देशवार पुस्तकात चीन आणि पाकिस्तानचीही पानं येतात, आणि त्यांच्या बाह्यरेषाही भारताच्या रेषेशी जुळवून घ्याव्या लागतात. परदेशी संकेतस्थळावरून उतरवलेली तयार चित्रं इथे हमखास दगा देतात.

विषयवार पुस्तकात नकाशा एकदाच येतो, सुरुवातीला दोन पानांवर पसरलेला, जगाचा. तो एकदा नीट ताडून घेतला की सुटलो. फक्त मर्केटर प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची एक पद्धत) टाळा. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. रॉबिन्सन किंवा २०१८ मध्ये आलेलं इक्वल अर्थ बरं.

आणि मग हात मोकळा होतो. भाकरीच्या पानावर मी तीन कोरी वर्तुळं ठेवली : आपली ज्वारीची भाकरी, मेक्सिकोची मक्याची तोर्तिया आणि इथिओपियाचा टेफ या धान्याचा इंजेरा. मुलांनी फक्त पृष्ठभाग भरायचा. भाकरीवर पापुद्रा फुगल्याचे करपट डाग, इंजेरावर पीठ आंबल्यामुळे पडलेली बारीक बारीक भोकं. आर्मेनियाचा लांबलचक लवाश मुद्दाम वर्तुळाबाहेर ठेवला. पतंगाचं पानही असंच. संक्रांतीचा चौकोनी, जपानचा षट्कोनी रोक्काकु, कोरियाचा मधोमध भोक असलेला, आणि ग्वाटेमालात १ नोव्हेंबरला उभारतात तो माणसापेक्षा कितीतरी मोठा, गोल. आकार वेगळे असले तरी पतंग मुलांच्या हातातलाच असतो, त्यामुळे समजावून सांगावं लागत नाही.

पुनर्मुद्रणातही फरक जाणवतो. २०१७ मध्ये मॉरिटानियाच्या झेंड्यात लाल पट्टे आले, २०१८ मध्ये स्वाझीलँडचं एस्वातिनी झालं. देशवार पुस्तकात अशा वेळी पानच हलतं. भाकरीचं तसं नाही.

विषयवारचा दोष म्हणजे लाडके देश पुन्हा पुन्हा घुसतात. जपान, मेक्सिको, इजिप्त प्रत्येक पानावर हजर, आणि आफ्रिका म्हणजे इजिप्त-केनिया एवढंच उरतं. म्हणून चित्रकाराला काही सांगण्याआधी उभे विषय, आडवे देश असा तक्ता भरून घ्या. रिकाम्या रांगा लगेच दिसतात. तोच तक्ता देशांची सूची म्हणून मागच्या कव्हरवर छापला तर आजोबांचीही सोय होते.

दहाच्या पुढची, प्रश्नमंजुषेत रमणारी मुलं डोळ्यासमोर असतील तर देशवार जरूर करा, मी अडवणार नाही. फक्त सगळे नकाशे एकाच प्रमाणात छापा. ब्राझील पानभर येईल आणि नेपाळ बोटभर, आणि चिलीला एकदाची पानाची पूर्ण उंची मिळेल.