निळं कार्ड, पिवळं कार्ड

माझ्या धाकट्या भावाला उजवा पाय गुडघ्याखाली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल तर याचीच. खरोखर पाय नसलेल्या माणसाच्या हातात आम्ही पैसे मोजून अपंगत्वाचा खोटा दाखला ठेवला.

आमचं गाव मराठवाड्यात. जानेवारी 2024 मध्ये भाऊ ऊसतोडीला गेला असताना ट्रॉलीखाली पाय सापडला आणि काढावाच लागला. मुकादमाची उचल अजून फिटायची होती. घरी आई, भाऊ, भावजय आणि दोन लेकरं. मी पुण्यात एका दुकानात हिशेब लिहिते, महिन्याला जमेल तेवढे पाठवते. जखम भरेपर्यंत पावसाळा उजाडला आणि मग घरात दाखल्याचा विषय निघाला.

तालुक्याला तहसीलसमोर एका झेरॉक्सच्या दुकानात खुर्ची टाकून एक माणूस बसतो. पाटी नाही, पावती नाही. सगळे त्याला सर म्हणतात, तो कुठल्या शाळेवर आहे हे मला आजवर कळलेलं नाही. आम्ही त्याच्याकडे गेलो नव्हतो. भावाचं कानावर आलं म्हणून तो स्वतःच घरी आला, येताना पोरांसाठी बिस्किटाचा पुडा घेऊन. आईला म्हणाला, "मावशी, सिव्हिलला नेलं तर चार चकरा होतील. पाय गेलेल्या माणसाला कशाला फिरवता? मी घरपोच आणून देतो." आई विरघळली. पाय गेल्यापासून एवढं आपुलकीनं कुणी बोललंच नव्हतं.

जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय गावापासून सत्तर किलोमीटर. अपंगांची तपासणी ठरलेल्या वारीच. पहाटेची एसटी चुकली की तो वार गेला. दलालाचं सगळं दुकान या सत्तर किलोमीटरवर चालतं.

नुसती दयेची भाषा असती तर मी कदाचित सावध झाले असते. पण त्यानं पुढचं आमिष टाकलं. म्हणाला, "सिव्हिलवाले साठ-सत्तर टक्के देतील. आपण पंच्याऐंशी करून घेऊ, म्हणजे निळं कार्ड. ऐंशीच्या वर गेलं की घरकुल, गाडी, निराधारचा पगार, सगळं उघडतं." इथं आम्ही घसरलो, ते कबूल करते. मीही फोनवर आईला म्हणाले, मिळत असतील जास्त टक्के तर बरंच की. तेव्हा मला माहीत नव्हतं की या कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या स्वावलंबन कार्डाचा, रंग फक्त टक्क्यांप्रमाणे बदलतो: 40 च्या खाली पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 आणि वर निळं. निराधारच्या पगाराला, म्हणजे संजय गांधी निराधार योजनेच्या दरमहाच्या पैशांना, 40 टक्के पुरतात. भावाला पंच्याऐंशीची गरजच नव्हती.

दाखल्याचे नऊ हजार, निराधारच्या प्रकरणाचे साडेचार हजार ("कमिटीला द्यावे लागतात") आणि कागदपत्रांचे हजार. एकूण साडेचौदा हजार. पाच हजार आईनं रोख दिले, बाकीचे मी दोन वेळा करून फोनवरून पाठवले. मी एकदा विचारलं होतं, सर, भावाला डॉक्टरांसमोर न्यायला नको का? तर म्हणाला, "ताई, डॉक्टर आपलेच आहेत. फक्त फोटो पाठवा. पाय दिसला पाहिजे."

तो फोटो आईनं काढला. भाऊ पलंगावर बसलेला, पायजमा वर सरकवलेला, मान दुसरीकडे वळवलेली. मागं कपाटाची कडी दिसते. माझ्या फोनमध्ये तो अजून आहे, पुसवत नाही.

पाच-सहा आठवड्यांनी सर कार्ड घेऊन आला. निळं, लॅमिनेट केलेलं, वर तीन सिंह, खाली एमएचनं सुरू होणारा लांबलचक नंबर. सोबत गोल शिक्क्याचं, तीन सह्यांचं प्रमाणपत्र. कार्ड पोस्टानं न येता याच्या खिशातून कसं आलं, हे कुणालाच खटकलं नाही. आईनं ते देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं. मी इकडं दुकानात पेढे वाटले.

संजय गांधी निराधार योजनेचं प्रकरण त्यानं "टाकलंय" म्हणून सांगितलं होतं. तीन महिने झाले, चार झाले. विचारलं की कमिटी बसली नाही, साहेब बदलले, आचारसंहिता लागली. आचारसंहिता खरोखरच लागली होती, त्यामुळं बाकीचंही खरं वाटत राहिलं. शेवटी फेब्रुवारी 2025 मध्ये मी रजा काढून गावी गेले आणि भावाला घेऊन थेट तहसीलला.

निराधारच्या टेबलावर एक मॅडम होत्या. त्यांनी रजिस्टर दोनदा पाहिलं. भावाच्या नावाचं प्रकरण आलेलंच नव्हतं. मग त्यांनी कार्ड हातात घेतलं. कार्डाकडे पाहिलं, भावाच्या पायाकडे पाहिलं, परत कार्डाकडे.

"एका पायाला पंच्याऐंशी टक्के?"

भाऊ काही बोलला नाही. त्यांनी कार्डावरचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि पडदा माझ्याकडे वळवला. नंबर खरा होता. नाव मात्र भलत्याच जिल्ह्यातल्या एका बाईचं होतं. मॅडम आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे कुठं दाखवू नका आता. तुम्हीच अडकाल."

आदल्या वर्षी जुलैमध्ये एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला, तेव्हापासून दाखल्यांकडे सगळेच संशयानं बघायला लागले होते. बघावंच. पण त्या संशयाची झळ पहिल्यांदा कुणाला लागते, तर कुबडी टेकत टेबलापर्यंत आलेल्या माणसाला. बाहेर येऊन मी फोनवर कायदा शोधला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 91. दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीनं घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तहसीलच्या पायरीवर बसून मी ते भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अक्का, म्हणजे आता मी अपंग पण खोटा का?"

सरची खुर्ची त्या दिवशी रिकामी होती. फोनवर आधी म्हणाला, सॉफ्टवेअरचा घोळ आहे, दुरुस्त करून देतो. मग म्हणाला, वरच्या माणसानं मलाच फसवलं. मी पैसे मागितले तेव्हा मात्र आवाज बदलला: "करा की तक्रार. दाखला कुणाच्या नावावर आहे?" या एका वाक्यावर त्याचा धंदा उभा आहे. फसलेला माणूस स्वतःच गुन्ह्यात भागीदार असल्यासारखा गप्प बसतो. गावात विचारलं तेव्हा आणखी तीन घरांत हीच गोष्ट निघाली आणि तिन्ही घरं गप्प.

आम्हीही पंधरा दिवस गप्प होतो. मग ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं की कुठलाही लाभ घेण्याआधी स्वतःहून लेखी कळवा. तसा अर्ज तहसीलदारांना आणि पोलिसांना दिला, प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला. सोबत निळं कार्ड आणि फोनवरून पैसे पाठवल्याचे पुरावे. पोच घेतली. ठाण्यात पहिल्या दिवशी, "तुम्ही पैसे दिलेच कशाला?" हे ऐकावं लागलं. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 वरही फोन केला, पण तिथं लगेच कळवलं तर पैसे अडवता येतात, आमचे जाऊन सहा महिने झाले होते. रोख दिलेल्या पाच हजारांचा तर कागदच नाही.

खरा दाखला कसा निघाला हे सांगायला खरं तर लाज वाटते, इतकं ते साधं होतं. स्वावलंबन कार्डाच्या सरकारी संकेतस्थळावर, ज्याच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे, मी पुण्यात बसून मोबाइलवरून अर्ज भरला. आधार, फोटो, सही, पत्त्याचा पुरावा, आणि तपासणीसाठी रुग्णालय निवडायचं. फी शून्य. ठरलेल्या वारी भावाला घेऊन गेले. केसपेपर काढला, रांगेत साडेतीन तास बसलो. हाडांच्या डॉक्टरांनी उरलेला पाय टेपनं मोजला, गुडघा वाकवून पाहिला, एक्स-रे पाहिला आणि 60 टक्के लिहिले. चार चकरा म्हणाला होता सर. आम्हाला दोन लागल्या, दुसरीही माझ्याच चुकीनं, एक्स-रे घरी राहिला होता. माणूस समोर बसल्याशिवाय कुणी टक्के लिहून देत असेल तर तिथूनच उठावं, एवढं जरी आधी कळलं असतं तरी साडेचौदा हजार वाचले असते.

प्रमाणपत्र ऑनलाइन उतरवता आलं, कार्ड नंतर पोस्टानं आलं. पिवळं. आईनं ते देव्हाऱ्यात ठेवलं नाही. आधी पोस्टमनला विचारून घेतलं, खरं आहे ना. निराधारचं प्रकरण आम्ही स्वतः टाकलं. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या अहवालावर निघतो, दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला 50 हजारांची आहे. एकदा त्रुटीत निघालं, कारण आधारवर जन्मतारीख वेगळी होती. ती दुरुस्त केली, कमिटीत मंजूर झालं, आणि दीड हजार थेट खात्यावर यायला लागले. कमिटीतल्या कुणालाही चहासुद्धा पाजावा लागला नाही.

पोलिसांत अजून चौकशीच चालू आहे. सरची खुर्ची महिनाभर रिकामी राहिली, मग परत भरली.

ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांचा पगार दीड हजाराचा अडीच हजार झाला. त्याच आठवड्यात भावाला अनोळखी नंबरवरून फोन आला. वाढीव रक्कम चालू करायची तर फॉर्म भरावा लागेल, सातशे रुपये, आणि अंगठा द्यायला दुकानात या. आवाज दुसऱ्या कुणाचा तरी होता, दुकान तेच. भावानं त्याचं सगळं ऐकून घेतलं, नंबर लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी एकटाच एसटीनं तालुक्याला गेला. निराधारच्या टेबलावर मॅडमना पिवळ्या कार्डाची झेरॉक्स दिली, तो नंबरही दिला. झेरॉक्स त्यानं मुद्दाम त्याच दुकानातून काढली होती. दोन रुपये लागले.