चिकूचं कलम म्हणून घेतलं, निघाली रायण

गेल्या वर्षी जुलैत आमच्या डोंबिवलीत एक हातगाडीवाला रोपं घेऊन आला होता. गाडीवर पेरू, लिंबू आणि चिकूचं एक कलम होतं. जेमतेम दोन फुटांचं, पण त्याला दोन चिकू लटकलेले! सासूबाईंना चिकू फार आवडतो. त्या इतक्या हरखल्या की मी घासाघीसही केली नाही, साडेआठशे रुपये रोख मोजले. "कालीपत्ती आहे ताई, फळ बघूनच घ्या," तो म्हणाला. कालीपत्ती ही चिकूची जात.

चौथ्या दिवशी पानं मलूल झाली. फोन केला तर म्हणे, "जागा बदलली की असं होतं, पाणी कमी घाला." आठवड्याभरात दोन्ही चिकू गळाले, पानं वाळली. पुन्हा फोन केला तो लागला नाही, आजतागायत लागलेला नाही.

शेवटी जोडावरची प्लास्टिकची पट्टी सोडवली, तर वरची फांदी अलगद माझ्या हातात आली. तिरका काप कोरडा ठणठणीत, खालच्या खुंटाचाही, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या मुळं असलेल्या रोपाचाही, तसाच. जुळल्याची खूणच नाही. कुठल्यातरी मोठ्या झाडाची फळं धरलेली फांदी तोडून खुंटावर नुसती बांधली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. गळालेले चिकू मात्र त्यांनी पिकतील म्हणून दोन दिवस खिडकीत ठेवले होते. मला पैशांपेक्षा त्याचंच जास्त लागलं.

महिन्याभराने खुंटाला फूट आली. आम्हाला वाटलं, जगलं! शेणखत, गांडूळखत, सगळं घातलं. या मे महिन्यात घोलवडची माझी आत्या आली. तिथे घरोघरी चिकूच्या वाड्या; डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही आहे. तिने एक पान बोटांत धरलं आणि म्हणाली, "अगं, ही तर रायण! टोकाला खाच बघ. चिकूचं पान टोकाशी निमुळतं असतं."

रायण म्हणजे खिरणी, चिकूच्याच कुळातलं दुसरं झाड. चिकूचं कलम बांधतात ते खिरणीच्याच खुंटावर. त्यामुळे जोडाच्या खालून जे फुटतं ते चिकू नसतंच. आंब्याचंही तेच: वरचा हापूस मेला की खाली वाढतो तो कोयीचा आंबा.

म्हणून कलम घेताना फळाकडे बघू नका, जोडाकडे बघा. जोड भरून आलेला, साल एकजीव झालेली हवी, आणि जोडाच्या वर नवी पालवी फुटलेली हवी. हलक्या हाताने हलवून बघा. जोडावर अजून पट्टी असेल तर ती सोडून दाखवायला सांगा. विक्रेता कां कूं करू लागला तर सरळ निघा. एवढ्याशा रोपाला मोठी फळं दिसली तर आधी संशय घ्या. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ चा कायदा आहे, परवाना लागतो. परवाना विचारा, जातीचं नाव लिहिलेली पावती घ्या. माझ्याकडे पावतीच नव्हती, तक्रार कशाच्या जोरावर करणार?

कुंडी आत्या घेऊन गेली. खुंट चांगला आहे, म्हणाली, भेट कलम करते. सध्या तो खुंट तिच्या वाडीत कालीपत्तीच्या झाडावरच्याच एका फांदीला टेकवून बांधलेला आहे, आणि सासूबाई दर रविवारी फोन करून विचारतात, जोड धरला का.